मोबाईलवरचं बुद्धिबळ : कोणती शिडी चढायची?

बायांनो, तायांनो, आणि आईशेजारी बसून रेडिओ ऐकणाऱ्या लेकींनो, आज बचतीचं आणि कर्जाचं बोलणं नाही. आज खेळाचं बोलायचं आहे.

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतोय. परवा एका ताईंनी विचारलं, "पोरगी मोबाईलवर बुद्धिबळ खेळती. म्हणती, आई, मी लाकडाच्या लीगमधून दगडाच्या लीगमध्ये गेले. आता हे रमीसारखंच हाय का वो?" बाकीच्या हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मोबाईलवरच्या पत्त्यांनी काय केलं ते आपल्याकडं गावोगाव माहीत आहे. शेळीसाठी म्हणून गटातून उचललेले पैसे मालकाच्या रमीत गेले आणि हप्ता बाईच्या माथी बसला, अशी घरं आपल्या गटांतच आहेत. तेव्हा 'लीग', 'लेव्हल', 'वर चढले' असे शब्द कानावर आले की आईच्या पोटात गोळा येणारच.

तर आधी त्याचंच उत्तर देते. रमीच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही पैसे टाकता आणि पैसे मिळतील या आशेनं खेळता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं असल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ नशिबाचा की डोक्याचा, हा वाद त्यात ठेवलाच नाही. पैसे लावून खेळवायचा असेल तर तो बंद. उद्या कुणी 'पैसे लावा, बुद्धिबळ खेळा, दुप्पट मिळवा' म्हणालं, तर ते अ‍ॅपही त्याच माळेतलं समजा आणि मोबाईलमधून काढून टाका. पण ती पोरगी ज्या लीगमध्ये वर चढली, तिथं एक रुपयाही लावायचा नसतो. हरली तर गुण जातात, पैसे जात नाहीत. ही ओळख पक्की ठेवा: खेळायच्या आधी पैसे मागतो का, एवढं बघायचं.

आता ही लाकडाची न् दगडाची लीग म्हणजे काय ते सांगते. चेस डॉट कॉम नावाची बुद्धिबळाची मोठी जागा आहे, तिथली ही पद्धत. पहिली पायरी लाकडाची, मग दगडाची, मग कांस्य, चांदी, स्फटिक, आणि त्याच्याही वर एलिट, चॅम्पियन, लिजंड. डाव जिंकला की ट्रॉफी मिळतात. आठवडा संपला की ज्यांच्या ट्रॉफी जास्त, ते वरच्या पायरीवर जातात. सोमवारी पाटी परत कोरी.

आणि दुसरी गोष्ट असते रेटिंग. ती लीगपेक्षा वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळी गोम या फरकात आहे.

लीग तुम्ही आठवडाभरात किती जिंकलात ते मोजते. म्हणजे जी पोरगी दिवसाला तीस डाव खेळते, ती निम्मे हरूनही वर चढते. जी दिवसाला दोनच डाव खेळते पण विचार करून खेळते, ती खालीच राहते. लीगची शिडी माणसाला खेळत ठेवण्यासाठी बनवलेली आहे, हे मी स्पष्टच सांगते. रविवारी रात्री जेवण सोडून 'आई, अजून तीनच ट्रॉफी पाहिजेत' असं लेकरू म्हणत असेल, तर ती त्या शिडीची ओढ आहे. त्यात बुद्धिबळ कमी आणि हजेरी जास्त.

रेटिंगचं तसं नाही. ते आपल्या गटाच्या ग्रेडिंगसारखं समजा. बँकेचे साहेब कर्ज देताना अध्यक्षबाई कुणाच्या कोण हे बघत नाहीत, निदान बघू नये. ते रजिस्टर उघडतात, बैठका, बचत, परतफेड तपासतात आणि श्रेणी देतात. रेटिंगही नुसतं रजिस्टर बघतं. समोरचा तुमच्यापेक्षा किती भारी होता, आणि तुम्ही काय केलंत, एवढंच. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं तर गुण जास्त वाढतात, खालच्याशी हरलं तर जास्त उतरतात. दोघांमध्ये २०० गुणांचा फरक असेल, तर हिशेब सांगतो की वरच्यानं १०० डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत; जिंकल्याचा एक, बरोबरीचा अर्धा. फरक ४०० असेल तर खालच्याच्या वाट्याला अकरा डावांत जेमतेम एक गुण येतो. म्हणून तीस डाव खेळून रेटिंग चढत नाही. खेळ सुधारला तरच चढतं, आणि मग खाली येणंही अवघड होतं. नवीन खेळाडूचं रेटिंग सुरुवातीला विहिरीतल्या पोहऱ्यासारखं वर-खाली होतं, तेव्हा घाबरायचं नाही. बरेच डाव झाले की ते आपल्या जागी बसतं.

आणखी एक जागा आहे, लिचेस नावाची. ती फ्रान्समधली एक संस्था देणग्यांवर चालवते. तिथं सगळं फुकट, जाहिरातही नाही. ट्रॉफीची घाई मला तरी नको वाटते, म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्या मुलींना मी हीच सांगते.

आता तुम्ही म्हणाल, पायऱ्या चढून मिळतं काय? यासाठी दोन पोरींची गोष्ट सांगते. दोघी आपल्या महाराष्ट्राच्याच.

पहिली रोहिणी खाडिलकर, मुंबईची. या तीन बहिणी: वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली देशात पहिल्यांदा महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली. पुढं जयश्री आणि रोहिणी यांनीही ती जिंकली. पण १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. वय तेरा. गदारोळ झाला, बाईनं पुरुषांत कसं खेळायचं म्हणून. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. बघा बायांनो, पटावर बसायला मिळावं एवढ्यासाठी कोर्टाची पायरी! पुढं १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली.

मोबाईलवरच्या बुद्धिबळाला हा दरवाजाच नाही. समोर कोण बसलंय, बाई की पुरुष, कुठल्या गावची, कुठल्या जातीची, दहावी पास की नापास, कुणाला काही कळत नाही. टोपणनाव दिसतं आणि रेटिंग दिसतं. आपल्या गावात पारावर पट मांडलेला असतो, तिथं चौदा वर्षांची मुलगी जाऊन बसेल का? बसली तर दुसऱ्या दिवशी घरी निरोप येईल. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे खो-खोत भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पण मैदानावर जायला घरच्यांना राजी करण्यात किती मुलींचे खेळ संपतात ते आपल्याला माहीत आहे. बुद्धिबळ घराच्या ओट्यावर बसूनही खेळता येतं. ही सोय लहान नाही.

दुसरी मुलगी नागपूरची, दिव्या देशमुख. २०२० साली कोरोनामुळं सगळं बंद होतं तेव्हा फिडेनं देशादेशांची ऑलिंपियाड स्पर्धा पहिल्यांदाच ऑनलाइन घेतली. भारताच्या संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी, आणि मुलींच्या पटावर चौदा वर्षांची दिव्या. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना झाला. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत काय व्हावं? इंटरनेट गेलं! दिव्या आणि निहाल सरीन या दोघांचा संपर्क तुटला, इकडं घड्याळ चालूच, वेळ संपला आणि दोघं हरलेले दाखवले. बिघाड जगभर झालेला होता. भारतानं दाद मागितली आणि शेवटी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिलं गेलं.

'रेंज गेली' हे दुखणं फक्त आपल्या वाडी-तांड्यावरचं नाही, एवढं यातून कळलं तरी पुरे. पण फरकही सांगते. त्यांच्यासाठी दाद मागायला अख्खा देश उभा होता. आपल्या लेकीची रेंज गेली तर डाव जातो, कुणी परत देत नाही. म्हणून जिथं रेंज धरते, टाकीजवळ म्हणा, गच्चीवर म्हणा, तिथंच रेटिंगचा डाव खेळायचा. लाईट जायच्या वेळेला सुरू करायचा नाही. घरात रेंज नसेल तेव्हा मोबाईलमधल्या संगणकाशी नेट नसतानाही खेळता येतं, त्यावर सराव करायचा.

दिव्याचं पुढं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या महिला संघानं ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात ती होती. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी गावी महिला विश्वचषक झाला. मानांकनात दिव्या पंधरावी. म्हणजे कागदावर तिच्या वर चौदा जणी. एकेक करून तिनं वरच्यांना हरवलं आणि अंतिम सामन्यात समोर आली आपल्याच देशाची कोनेरू हंपी, जी दिव्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, २००२ साली, ग्रँडमास्टर झालेली. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले आणि २८ जुलैला एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली. ग्रँडमास्टर व्हायला एरवी २५०० रेटिंग आणि तीन स्पर्धांत ठरावीक कामगिरी लागते. दिव्याला हा चषक जिंकल्यामुळं तो किताब थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर, आणि त्या ८८ मध्ये बाया किती? फक्त चार.

हे सांगितलं म्हणून लगेच लेकीला 'तू पण दिव्या हो' म्हणू नका. दिव्याचे आई-वडील डॉक्टर आहेत, तिला लहानपणापासून प्रशिक्षक मिळाले, देशोदेशी जायला मिळालं. आपल्या सोयाबीनच्या पैशात ते बसत नाही, आणि तसं सांगणं म्हणजे लेकरावर ओझं टाकणं. मला दिव्याचं उदाहरण वेगळ्यासाठी घ्यावंसं वाटतं. पंधरावं मानांकन असलेली मुलगी वरच्यांशी खेळायला घाबरली नाही. मोबाईलवर मुली काय करतात? रेटिंग थोडं वाढलं की ते उतरेल या भीतीनं खेळणंच बंद करतात, नाहीतर दुबळे खेळाडू शोधत बसतात. आकडा जपून ठेवायची चीज नाही.

मग चढायचं कसं? मला जे दिसलं ते सांगते.

डाव दहा-पंधरा मिनिटांचा घ्यायचा. एक-एक, तीन-तीन मिनिटांचे डाव म्हणजे नुसती बोटांची घाई. दिवसाला दोन-तीन डाव पुरे. लागोपाठ दोन हरलं की मोबाईल खाली ठेवायचा. कारण तिसरा डाव माणूस रागात खेळतो आणि हरतो. हरलेला डाव परत उघडून बघायचा, कुठं बिघडलं ते. आपण गटाचा ताळेबंद बसला नाही की मागची पानं उलटतो ना, तसंच. आणि रोज पाच-दहा कोडी सोडवायची. तिथं 'एका चालीत मात करा', 'दोन चालींत मात करा' अशी कोडी फुकट असतात. नव्या खेळाडूचं रेटिंग सगळ्यात जास्त यानंच वाढतं.

खेळताना दर चालीला एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: समोरच्यानं ही चाल का केली? नव्या मुली आपलाच बेत आखत राहतात आणि वजीर फुकट देऊन बसतात. सुरुवातीला मधली घरं धरायची, घोडे-उंट बाहेर काढायचे, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात न्यायचा. वजिराला घेऊन पहिल्याच झटक्यात गावभर हिंडायचं नाही. आणि जिंकत आलेला डाव शेवटी सांभाळायचा. समोरच्या राजाला शह नाही, पण हलायला एकही चाल उरली नाही, तर मात होत नाही, डाव बरोबरीत सुटतो. दोन वजीर हातात असून अर्ध्या गुणावर समाधान मानलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत.

इथं आजोबांशी भांडण होण्याचा संभव आहे, तेही सांगून ठेवते. आपल्या जुन्या गावठी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं ते घर, तोच मोहरा व्हायचं. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. मोबाईलवर आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं आणि कुठल्याही घरात पोचलं तरी वजीर मागता येतो. आजोबा खोटं सांगत नाहीत, त्यांचा खेळ जुना आहे. त्यांच्याशी त्यांच्या नियमानं एक डाव खेळा, बघा किती खूश होतात.

आणखी एक. डाव चालू असताना भाऊ मागं उभा राहून 'घोडा इकडं घे' म्हणतो, त्याला आपण मदत म्हणतो. तिथं ती लबाडी धरतात. दुसऱ्या मोबाईलवर संगणकाला विचारून चाली केल्या तर ते पकडलं जातं आणि खातं बंद होतं. मुलीला हे आधीच सांगा. आणि खात्यावर खरं नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव, फोटो काही टाकायचं नाही. अनोळखी माणसाशी गप्पा मारायची सोय तिथं असते, ती बंद करता येते. लिचेसवर मुलांसाठीची एक सोय चालू केली की गप्पा आणि निरोप सगळं बंद होतं. आईनं स्वतः शेजारी बसून ते करून घ्यावं. 'मला मोबाईल कळत नाही' म्हणू नका. मोबाईलवरून हप्ते भरणाऱ्या बाया आहोत आपण.

आता जे बोलायला मला सगळ्यात अवघड जातं, ते. बहुतेक घरांत मोबाईल एक, नाहीतर दोन. एक मालकाकडं, दुसरा मुलाकडं. मुलीला मिळतो तो रात्री दहाला, चार्जिंग संपत आल्यावर, आणि तेव्हाही 'काय करतीस गं इतका वेळ' हा प्रश्न ठरलेला. मुलगा दोन तास क्रिकेटचे व्हिडिओ बघतो, त्याला कुणी विचारत नाही. रेटिंग कुणाचं नाव विचारत नाही हे खरं, पण मोबाईल कुणाच्या हातात आहे हे घरच ठरवतं. म्हणून माझं मागणं एवढंच: मुलीचा वेळ ठरवून द्या. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात म्हणा, मोबाईल तिचा. घरातल्या बाईनं ठरवलं तर हे होतं. नेटचाही धाक नको. बुद्धिबळाला व्हिडिओच्या मानानं डेटा अगदी कमी लागतो. आणि वेळ ठरलेली असली की ट्रॉफीच्या मागं रात्र जागणंही आपोआप थांबतं.

गट म्हणून काय करता येईल? एक पट आणि मोहरे दोन-तीनशे रुपयांत येतात. गटाच्या बैठकीला मुली आईबरोबर येतातच, त्या बाहेर चपलांजवळ बसून राहतात. तिथं पट मांडा.

पटाचं मी मुद्दाम सांगते, कारण मोबाईलवरचं रेटिंग म्हणजे फिडेचं रेटिंग नव्हे. फिडेचं रेटिंग हवं तर समोरासमोर, मान्यता असलेल्या स्पर्धेत बसावं लागतं, आणि ते १४०० पासून पुढंच धरतात. आपल्या मुलींसाठी जवळचा दरवाजा म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा. त्यात बुद्धिबळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयाचे गट आहेत. नाव शाळेमार्फत जातं. शाळेचे सर 'आपल्याकडं बुद्धिबळ कोण खेळतंय' म्हणाले, तर मुलीचं रेटिंग मोबाईलवर उघडून दाखवा. तिथं ते कामाला येतं.

पण मोबाईलवर शिकलेल्या मुली पटासमोर बसल्या की अडखळतात. मोबाईल चुकीची चाल करूच देत नाही, कुठं जाता येतं ते ठिपक्यांनी दाखवतो. पटावर ठिपके नाहीत. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच हलवावा लागतो. 'अगं, चुकून लागला' चालत नाही. चाल केली की त्याच हातानं घड्याळ दाबायचं. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहायचीही असते, घरांना इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो त्याप्रमाणं. तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेआधी महिनाभर आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींना समोरासमोर बसवा, हात लावला तो मोहरा हलवायला लावा, आणि वहीत चाली लिहायला लावा. वही गटाच्या जुन्या रजिस्टरच्या उरलेल्या पानांची असली तरी चालेल.